नुसते ‘टायटॅनियम’ म्हणणे पुरेसे नाही

मोडलेल्या पायात रॉड घालायचा किंवा खुब्याचा सांधा बदलायचा ठरला की नातेवाईक हमखास विचारतात, ‘टायटॅनियमचाच आहे ना?’ ‘हो’ म्हटले की सगळे निर्धास्त. टायटॅनियम स्टीलपेक्षा हलके असते, शरीरात सहसा गंजत नाही आणि लवचिकतेत स्टीलपेक्षा हाडाला जवळचे असते. हे सगळे खरे. पण धातूचे नाव म्हणजे त्याचा दर्जा नव्हे.

इम्प्लांटसाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या मिश्रधातूत टायटॅनियमबरोबर साधारण ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असते. त्यात अल्फा आणि बीटा अशा दोन स्फटिकरचना शेजारी शेजारी नांदतात. सुमारे १००० अंश सेल्सिअसला अल्फा विरघळून सगळा धातू बीटा होतो. तिथून झटकन थंड केला तर आत सुयांसारखी रचना तयार होते. धातू कडक होतो, पण ताण सोसण्याची लवचीकता कमी होते. सावकाश थंड केला तर जाड पट्ट्या बनतात. या तापमानाच्या खाली घडवून, योग्य तापवून घेतला तर बारीक, गोलसर कण मिळतात आणि वारंवार पडणारा भार ते चांगला पेलतात. हिंडत्याफिरत्या माणसाच्या कृत्रिम खुब्यावर वर्षाला दहा लाखांच्या घरात पावलांचा भार पडतो, हे लक्षात घेतले की भट्टीतल्या कामाचे मोल कळते.

दुसरा प्रश्न हायड्रोजनचा. भट्टीतल्या दमटपणातून किंवा आम्लाने धुताना हा वायू धातूत शिरतो. प्रमाणाबाहेर गेला की आत ठिसूळ हायड्राइडचे पातळ थर साचतात आणि तडा तिथूनच पसरतो. म्हणूनच इम्प्लांटच्या उच्च शुद्धतेच्या मिश्रधातूसाठी एएसटीएमच्या मानकात हायड्रोजनची कमाल मर्यादा ०.०१२ टक्के आहे, म्हणजे दहा किलो धातूत जेमतेम १.२ ग्रॅम. हा दोष डोळ्यांना दिसत नाही, एक्स-रेतही नाही. दिलासा एवढाच की निर्वात भट्टीत तापवले की हायड्रोजन बाहेर पडतो. काही ठिकाणी तर तो मुद्दाम घालून कण बारीक करतात आणि मग काढून टाकतात. तेव्हा खोट हायड्रोजनची नाही, हलगर्जीपणाची आहे.

शरीरातील प्रत्येक मोडका रॉड सदोष नसतो. हाड न जुळल्याने सगळा भार धातूवरच पडत राहणे, हे त्यामागचे नेहमीचे कारण. पण तपासणीच केली नाही, तर खरे कारण कळणार कसे? काढलेला तुकडा भंगारात गेला की पुरावाही गेला. अशा घटना नोंदवण्यासाठी २०१५ पासून देशात मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम आहे. तिथे नोंद करणे रुग्णालयांनी नित्याचे काम मानले पाहिजे.

सार्वजनिक खरेदीत सर्वांत कमी दर पाहणे गैर नाही, कारण तो पैसा लोकांचाच असतो. मात्र निविदेत ‘टायटॅनियम’ एवढेच न लिहिता मानक, उष्णता-प्रक्रियेचा दाखला आणि प्रत्येक लॉटचा हायड्रोजन अहवाल मागितला पाहिजे. इम्प्लांटच्या खोक्यातले लॉट नंबरचे स्टिकर रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर चिकटवायला तर काहीच खर्च येत नाही. रुग्णांनी आणि नातेवाइकांनीही ते हक्काने मागून घ्यावे आणि जपून ठेवावे.