अवकाळी कसला, दरवर्षीचाच!

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. शनिवार, संध्याकाळचे साडेपाच. मी पुण्यात, बाल्कनीत चहा घेत निवांत बसलेलो. मोताळ्याहून आईचा फोन. "अरे, लय वावधान सुटलंय, आन् हे टिनावर चढले गोटे ठेवायला!" मागून वाऱ्याचा असा आवाज की पुढचं काही ऐकूच येईना. मग फोन कट. नंतर वीस मिनिटं मी नुसता रिडायल करतोय.

तर मंडळी, बाबा सुखरूप उतरले. गोठ्याची तीन टिनं मात्र उडाली. रात्री फोन लागला तेव्हा बाबा शांतपणे म्हणाले, "काही नाही होत बाप्पा, गोटे कमी पडले."

गोटे कमी पडले! आता डिग्री घेतलीच आहे तर म्हटलं, हिशोब करू. वारा ताशी ८० किलोमीटर धरा. उन्हाळी वादळात एवढा झोत सहज येतो. त्याचा दाब दर चौरस मीटरला ढोबळमानाने ३० किलो. दहा फूट बाय तीन फुटांचं टिन म्हणजे पावणेतीन चौरस मीटर. म्हणजे एका टिनाला वर उचलणारा जोर झाला ८० किलोच्या आसपास. टिनाचं स्वतःचं वजन दहा-बारा किलो. त्यावर दोन गोटे ठेवले तर वारा टिनही नेणार आणि गोटेही. फक्त गोटे लांब जाणार नाहीत, खाली जो कोणी असेल त्याच्या डोक्यात पडतील.

गंमत बघा. आमच्या प्रोजेक्टमध्ये दर तीन महिन्यांनी डिझास्टर रिकव्हरी ड्रिल होतं. एक सर्व्हर पडला तर दुसरा किती मिनिटांत उभा राहील, कोणी कोणाला फोन करायचा, सगळं लिहिलेलं असतं. कोणा परदेशी कंपनीचं बिलिंग दहा मिनिटं बंद पडू नये म्हणून मी रात्री तीनला उठतो. आणि ज्या घरात माझे आईबाप राहतात त्या घराचा प्लॅन काय? तर गोटे.

माझ्या मते यातला निम्मा घोळ 'अवकाळी' या शब्दाने घातलाय. अवकाळी म्हटलं की 'अचानक आलं, आपण काय करणार' अशी सोय होते. पण आठवून बघा, एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे वादळ आलं नाही असं कुठलं वर्ष गेलं? दुपारभर जमीन तापते, गरम हवा झपाट्याने वर जाते, ढग उंचच उंच वाढतात. मग त्याच ढगातून थंड हवा धाडकन खाली कोसळते आणि जमिनीवर चारी बाजूंना पसरते. ते आपलं वावधान. जे दर उन्हाळ्यात येतं त्याला अवकाळी कसं म्हणायचं?

आमच्या आजोबांची पिढी या बाबतीत शहाणी होती. तेव्हा घरं धाब्याची. दर उन्हाळ्यात, मृगाच्या आत, धाब्यावर पांढऱ्या मातीचा नवा थर पडायचा. सरपण, गोवऱ्या, कुटार सगळं आत जायचं. तयारी हा घरकामाचाच भाग होता, त्याला कोणी 'आपत्ती व्यवस्थापन' म्हणत नव्हतं. धाबं गळायचं, पण उडायचं नाही. मग टिनं आली. गळणं थांबलं, तशी वर्षाची ती डागडुजीही थांबली. छप्पर हलकं झालं आणि आपणही निश्चिंत झालो.

कोकणात चक्रीवादळ येतं तेव्हा त्याला नाव असतं, टीव्हीवर नकाशा असतो. ३ जून २०२० ला 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, पण ते येतंय हे आधी कळलं होतं आणि हजारो माणसं हलवता आली. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३ ला 'फायलिन' आलं तेव्हा लाखो लोक आधीच निवाऱ्यात होते आणि मृतांचा आकडा पन्नाशीच्या आसपास राहिला. वादळ रोखता आलं नाही, पण माणसं तयार होती.

आपल्या वाऱ्याला नाव नसतं. हवामान खात्याचा तातडीचा इशारा येतो तो पुढच्या तीन तासांपुरता. तेवढ्यात मिस्त्री मिळत नाही. म्हणून तयारी आधीच हवी.

नाहीतर काय होतं ते आपल्या भागाने बघितलंय. ९ एप्रिल २०२३ ला अकोला जिल्ह्यात पारसच्या मंदिरात वादळात लोक टिनाच्या शेडखाली थांबले होते. शेजारचं जुनं कडुलिंबाचं झाड शेडवर पडलं. सात जण गेले. जून २०२४ मध्ये आपल्याच चिखली तालुक्यात एका घराचं टिन उडालं. बाळाचा पाळणा त्याच छपराच्या लोखंडी अँगलला बांधलेला होता. पुढचं लिहवत नाही.

आता कोणी म्हणेल, हे सरकारचं काम आहे. आहेच ना! पंचनामा, भरपाई, इशारे, तारांवर आलेल्या फांद्या तोडणं, हे त्यांनीच करायचं. पण माझ्या गोठ्याचे बोल्ट तहसीलदार येऊन आवळणार नाहीत. दुसरे म्हणतील, नशिबात असेल ते होईल. मग शेताला कुंपण कशाला घालतो आपण?

मी काय केलं ते सांगतो. दिवाळीत गेलो तेव्हा मिस्त्रीला बोलावून प्रत्येक टिन खालच्या पाइपला हुकाच्या बोल्टने आवळून घेतलं. कडेला आणि कोपऱ्यांना जास्त बोल्ट, कारण वारा तिथूनच उचलतो. गोटे सगळे खाली. अंगणातल्या लिंबाची घरावर आलेली फांदी छाटली. छपराला पाळणा किंवा झोका बांधायचा नाही, हे शेजारपाजारीही सांगितलं. एका पिशवीत टॉर्च, औषधं, सातबारा आणि आधारच्या झेरॉक्स. वारा सुटला की वाऱ्याच्या बाजूची दारं-खिडक्या बंद, सगळ्यांनी स्लॅबच्या खोलीत यायचं. आणि बाबांनी काहीही झालं तरी वर चढायचं नाही. सगळा खर्च झाला माझ्या एका वीकएंडच्या मॉलच्या बिलाएवढा.

विजेचंही तसंच. बाबांच्या फोनवर 'दामिनी' टाकून दिलं. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचं हे ॲप जवळपास वीज पडत असेल तर इशारा देतं. रेंज नसेल तर साधा नियम: वीज चमकल्यावर तिसाच्या आत गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. शेतात असाल तर झाडाखाली नाही म्हणजे नाही.

एक गोष्ट मात्र मला अजून टोचते. आमच्या घरी स्लॅबची एक खोली आहे. मागच्या गल्लीत मजुरी करणाऱ्यांच्या घरांना चारही बाजूंनी टिनंच आहेत. त्यांना बोल्टचा सल्ला देणं सोपं आहे. वारा सुटला की त्यांनी जायचं कुठे? उन्हाळ्याच्या सुटीत शाळेला कुलूप असतं आणि किल्ली कोणाकडे ते कोणालाच माहीत नसतं. मला वाटतं, प्रत्येक गावात एप्रिल ते जून एक पक्की इमारत उघडी राहावी आणि तिची किल्ली कोणाकडे आहे हे गल्लीतल्या पोरांनाही ठाऊक असावं. याला निधी लागत नाही, कोणीतरी विचारावं लागतं. तोवर आमच्या स्लॅबच्या खोलीचं दार वादळात त्यांच्यासाठी उघडं असेल, हे आईने परस्पर जाहीर करून टाकलंय.

असो. तुमचंही कोणी गावाकडे टिनाखाली राहत असेल. आज रविवार आहे, फोन करणारच आहात. जेवलात का विचारून झालं की एवढंच विचारा, "टिनं कशाने धरून ठेवलीत?"

उत्तर 'गोटे' आलं तर पुढच्या सुटीचं तिकीट काढा.