माळ्यावरची फाइल

डोंबिवली स्टेशनच्या जिन्यावर दादाच्या डाव्या पायातली चप्पल निसटली आणि ते त्याला चार पायऱ्या चढून गेल्यावर कळलं. आम्ही हसलो. पन्नाशी उलटलेली, साखर थोडी वाढलेली, त्यात ठाण्याच्या नोकरीसाठी लोकलमध्ये तीस वर्षं खाल्लेले धक्के; पाय कुरकुरणारच! डॉक्टरांनीही आधी मधुमेहावर बोट ठेवलं, मग मणक्यातली गादी सरकल्याचं सांगितलं. त्यांना दोष तरी कसा द्यायचा? आम्ही त्यांना सगळं सांगितलं होतं, एक गोष्ट सोडून.

चार वर्षांपूर्वी दादाला लिम्फोमा झाला होता. मानेत गाठ, परळच्या खेपा, केमोथेरपी आणि मग सुटकेचा निःश्वास. पुतणीचं लग्न जमायचं होतं. वहिनींनी ती जाड फाइल माळ्यावर टाकली आणि तो शब्द घरातून हद्दपार झाला. मीही मान डोलावली होती.

पुढे रात्री पाय भाजल्यासारखा दुखू लागला, पंजा उचलेना आणि एका सकाळी चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली. कमरेतल्या गादीने चेहरा वाकडा होत नाही, असं म्हणून ठाण्याच्या मेंदूविकारतज्ज्ञ बाईंनी विचारलं, ''पूर्वी काही मोठं आजारपण?'' वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. शेवटी मी बोललो.

लिम्फोमा हा लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. क्वचित या पेशी थेट मज्जातंतूंतच शिरतात. त्याला न्यूरोलिम्फोमॅटोसिस म्हणतात. कधी ही आजाराची पहिलीच खूण असते, तर कधी तो परतल्याची वर्दी. सोंगं मात्र मधुमेहाची, सायटिकाची. पाठीतल्या पाण्याच्या तपासणीत या पेशी दर वेळी सापडतातच असं नाही. पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी साखर टोचतात. हावऱ्या पेशी ती ओढून घेतात आणि रोगट मज्जातंतू चित्रात दोरीसारखा उजळतो. पक्का पुरावा मज्जातंतूचा तुकडा तपासूनच मिळतो, पण तो काढण्याजोगी जागा दर वेळी नसते. मग स्कॅन आणि रुग्णाचा पूर्वेतिहास यांवरच भिस्त. त्यात तपासणीआधी स्टेरॉइड दिलं गेलं, तर काही काळ आराम पडतो, पेशी विरतात आणि पुरावाच पुसला जातो.

म्हणजे ती माळ्यावरची फाइल हीच अर्धी तपासणी होती!

आपल्याकडे कर्करोग लपवतात. स्थळं मोडतात, लोक कीव करतात, हे मला कळतं. शेजाऱ्यांपासून खुशाल लपवा, डॉक्टरांपासून नको. आणि डॉक्टरमंडळींनीही घाईच्या ओपीडीत तो एक प्रश्न विचारावाच. जुना लिम्फोमा आणि नवं, वाढत जाणारं दुखणं वा लुळेपण, ही जोडी दिसली की आधी जुन्या शत्रूचा संशय घ्यावा.

दादाची केमोथेरपी पुन्हा झाली. चेहरा सावरला, पंजा पुरता सावरला नाही. तो काठी घेऊन चालतो. पुतणीचं लग्नही झालं, मुलाकडच्यांना सारं सांगून. फाइल आता हॉलमधल्या कपाटात असते, हाताशी.