दसऱ्यापर्यंत मुदत

पहाडगंजमधल्या हॉटेलमालकांनो, गेस्ट हाउस चालवणाऱ्यांनो, मेन बाजारच्या दुकानदारांनो आणि तुमच्या वतीने नोकरांवर नजर ठेवणाऱ्या मॅनेजरांनो, हा इशारा तुम्हाला आहे. कामावर येणाऱ्या माणसाचा हिजाब, टोपी, पगडी, कपाळावरचं गंध-कुंकू, गळ्यातली तुळशीची माळ किंवा क्रूस तुमच्या मर्जीने उतरवून ठेवायला लावायचा अधिकार आपल्याला आहे, असं तुमच्यातले काही जण धरून चालले आहेत. तो अधिकार तुम्हाला असता कामा नये, आणि तुम्ही समजता तेवढा तो आजही नाही. ज्यांच्याकडे असा नियम आहे, त्यांनी येत्या दसऱ्यापर्यंत तो कारणासकट कागदावर आणावा, नाहीतर मागे घ्यावा. दसऱ्यानंतर काय होईल तेही सांगतो. धमकी म्हणून वाचलं तरी हरकत नाही.

मी कुठल्या संस्थेच्या लेटरहेडवर लिहीत नाही. दिल्लीतल्या मराठी माणसाचा पहाडगंजशी जुना संबंध आहे. आरामबागेत नूतन मराठी विद्यालय आहे, बृहन्महाराष्ट्र भवन आहे. शिवाय हरिद्वारला निघालेली मंडळी, वैष्णोदेवीचा जथा, मंत्रालयात फाईल घेऊन आलेला सरपंच, परीक्षेला आलेली पोरं, यांतले पुष्कळजण नवी दिल्ली स्टेशनवर उतरून पहिली खोली तुमच्याकडेच शोधतात. तेव्हा बोलायचा हक्क आम्हाला आहे. गिऱ्हाइकाचा हक्क तरी तुम्ही मानता ना?

तुमची पद्धत कुणापासून लपलेली नाही. कागद कधीच नसतो. पगाराच्या दिवशी मॅनेजर बाजूला घेऊन सांगतो, ‘कल से ये पहनके मत आना, गेस्ट लोग अजीब देखते हैं।’ का म्हणून विचारलं तर ‘ऊपर से ऑर्डर है’. वर कोण बसलंय, ते कुणीच सांगत नाही. समोरचं पोरगं लांबून आलेलं, एका खोलीत चारजणांत राहणारं, गावी पैसे पाठवणारं. त्याला वाद परवडत नाही. ते निमूट काढून ठेवतं, नाहीतर महिना संपला की निघून जातं. दोन्ही वेळा तुमच्या दफ्तरी काहीच घडलेलं नसतं. हे तोंडी हुकूम मला लेखी बंदीपेक्षा जास्त वाईट वाटतात. लेखी हुकमाला निदान आव्हान देता येतं.

आणि हे कुठल्या बाजारात चाललंय, ते पाहा. इथल्या हॉटेलांच्या दारात लाल-केशरी साफा बांधून दरवान उभा केला जातो, पाहुण्याला टिळा लावून हार घातला जातो. दुकानांबाहेर ॐ छापलेले कुर्ते, गणपतीच्या झोळ्या, रुद्राक्ष आणि बुद्धाच्या मूर्ती टांगलेल्या. धर्माचं चिन्ह विकायला चालतं, सजावटीला चालतं, नोकराच्या डोक्यावर पगारात बसवून बांधायलाही चालतं. स्वतःच्या श्रद्धेने कुणी घातलं की मात्र ‘प्रोफेशनल’ दिसत नाही! ज्या मुलीला टिळा लावायचा नसेल तिला टिळ्याचं ताट धरायला लावणं, हीसुद्धा याच रोगाची दुसरी बाजू. काढायला लावणं आणि घालायला लावणं, दोन्हींना हा इशारा लागू आहे.

नोव्हेंबर २०१८ मध्ये याच दिल्लीत अनाथ मुलींसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकलेल्या एका मुस्लीम तरुणीला नोकरी नाकारली. शिक्षणाबद्दल तक्रार नव्हती. तक्रार हिजाबाबद्दल होती, आणि ती लांबूनही मुस्लीम दिसते असं तिला कळवण्यात आलं. ते लेखी होतं म्हणून वर्तमानपत्रांत तरी आलं. तुमच्या गल्लीतलं कुठेही छापून येत नाही.

‘आमचा खाजगी धंदा आहे, राज्यघटना सरकारला लागू’, हे तुमच्या वकिलाचं आवडतं वाक्य. अर्धं खरं आहे. कलम १५(१) सरकारला बांधतं. पण त्याच कलमाचा दुसरा भाग दुकानं, उपाहारगृहं आणि हॉटेलं यांत धर्मावरून कुणाला मज्जाव करू देत नाही, आणि तिथे मालक खाजगी आहे ही सबब नाही. म्हणजे पगडीवाल्या गिऱ्हाइकाला तुम्ही दारात अडवू शकत नाही, मात्र त्याला चहा आणून देणाऱ्या पगडीवाल्या वेटरला घरी पाठवू शकता, असा तुमचा दावा आहे. हा दावा फार दिवस टिकेल या भ्रमात राहू नका. सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांवरच्या १५ एप्रिल २०१४ च्या नालसा निकालात पोशाख हा कलम १९(१)(अ) खालच्या अभिव्यक्तीचा भाग मानला. ३ जानेवारी २०२३ ला कौशल किशोर प्रकरणात घटनापीठाने बहुमताने सांगितलं की कलम १९ आणि २१ मधले हक्क खाजगी व्यक्तींविरुद्धही मागता येतात. हे दोन निकाल शेजारी ठेवून एखादी वकील पोरगी उभी राहील, तेव्हा समोर कुणाच्या हॉटेलचं नाव असावं, हे आत्ताच ठरवा.

संसदेचं मात्र कौतुक करता येत नाही. एचआयव्ही कायदा २०१७ चा आणि तृतीयपंथी व्यक्तींचा कायदा २०१९ चा. दोन्ही खाजगी मालकालाही भेदभाव करायला मनाई करतात. धर्म आणि जात यांच्यासाठी खाजगी नोकरीत तसा कायदा आजही नाही. मुस्लिमांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने २००६ मध्ये समान संधी आयोग मागितला होता. शशी थरूर यांनी भेदभावविरोधी खाजगी विधेयक मांडलं होतं. आयोग आला नाही, विधेयकाचा कायदा झाला नाही. या फटीत तुमचे तोंडी हुकूम राहतात.

तरी दिल्लीचा १९५४ चा दुकाने व आस्थापना कायदा आहेच. त्याच्या कलम ३० प्रमाणे तीन महिने सलग काम केलेल्या माणसाला एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार दिल्याशिवाय काढता येत नाही. गैरवर्तनाचा आरोप असेल तर त्याला बाजू मांडू द्यावी लागते. तेव्हा ‘टोपी घातली’ हे गैरवर्तन म्हणून लिहा. लिहाच. तो कागद आम्हाला हवाच आहे.

आता तुमच्या बाजूचं जे रास्त आहे ते मान्य करतो, म्हणजे नंतर कांगावा नको. स्वयंपाकघरात केस झाका, दाढीला जाळी लावा, अंगठ्या, बांगड्या, ताईत उतरवून ठेवा, असं म्हणणारा मालक योग्यच आहे. अन्नसुरक्षेचे २०११ चे नियमही तेच सांगतात. फिरत्या यंत्राजवळ सैल कपडे नकोत, हे कारखाना कायद्याने १९४८ मध्येच सांगितलं होतं. पाहुण्याचं ओळखपत्र तपासणाऱ्या माणसाचा स्वतःचा चेहरा ओळखू यावा, ही अपेक्षाही वाजवी आहे. तुळशीची माळ कढईवर लोंबत असेल तर ती सदऱ्याच्या आत घालायला सांगा. कुणी वारकरी त्यावर भांडणार नाही. पगडीचा आणि हिजाबाचा रंग गणवेशाशी जुळता ठेवा म्हणालात तरी आमची तक्रार नाही.

ही रेषा कुठे पडते ते स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने १५ जानेवारी २०१३ रोजी एकाच निकालपत्रात दाखवलं. ब्रिटिश एअरवेजच्या चेक-इन काउंटरवरच्या नादिया इवीडा यांच्या गळ्यात छोटा क्रूस होता. कंपनीला आपल्या प्रतिमेची काळजी. न्यायालय म्हणालं, प्रतिमेला गरजेपेक्षा जास्त वजन दिलं गेलं, आणि इवीडा जिंकल्या. दुसरी बाई रुग्णालयातली परिचारिका. तिच्या गळ्यातही साखळीत क्रूस. पण रुग्णाने साखळी ओढली तर इजा होईल, हे रुग्णालयाचं म्हणणं ग्राह्य ठरलं आणि ती हरली. क्रूस दोन्हीकडे होता. फरक कारणात होता. तुमच्याकडे परिचारिकेच्या रुग्णालयासारखं कारण असेल तर लिहा. नुसती प्रतिमा असेल तर गप्प बसा.

गुरुग्राम-नोएडाकडून आलेले काही एच.आर. सल्लागार हल्ली ‘युरोपातसुद्धा बंदी चालते’ असं सांगत फिरतात. त्यांनी निकाल शेवटपर्यंत वाचलेला नसतो. १४ मार्च २०१७ ला युरोपियन युनियनच्या न्यायालयाने बेल्जियममधल्या एका रिसेप्शनिस्टच्या प्रकरणात तटस्थतेचा नियम तत्त्वतः मान्य केला हे खरं. पण तो सगळ्या धर्मांना आणि राजकीय खुणांनाही सारखा हवा, खरोखर पाळलेला हवा, आणि नोकराला काढून टाकण्याआधी गिऱ्हाइकासमोर नसलेलं दुसरं काम देता येतं का ते पाहायला हवं. त्याच दिवशी फ्रान्सच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितलं की गिऱ्हाइकाला स्कार्फवालीची सेवा नको, हे कामाच्या गरजेचं कारण होत नाही. तुमचं ‘गेस्ट लोग अजीब देखते हैं’ तिथेच निकालात निघालं. २०२१ मध्ये आणखी एक अट आली: नियमाची खरी गरज मालकाने दाखवून द्यावी. आणि सगळ्यांना सारखा म्हणजे काय, कळतंय ना? काउंटरमागे लावलेली लक्ष्मी, गल्ल्यावरचा धूप आणि मॅनेजरच्या मनगटावरचा लाल धागा. तटस्थ व्हायचं तर सुरुवात तिथून करा.

दुसरा लाडका दाखला हवाईदलाचा. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दाढी ठेवणाऱ्या मुस्लीम हवाईसैनिकाची याचिका फेटाळली, हे बरोबर. पण सैन्यदलांचे हक्क मर्यादित करण्यासाठी राज्यघटनेत कलम ३३ वेगळं ठेवलं आहे. चुना मंडीतली खानावळ म्हणजे हवाईदल नव्हे. उलट सुरक्षेचंच उदाहरण हवं तर मार्च २०२२ चं घ्या. नागरी विमान सुरक्षा विभागाने विमानतळांवरच्या शीख कर्मचाऱ्यांना कामावर कृपाण बाळगायला मनाई केली. कृपाण धारण करणं कलम २५ च्या स्पष्टीकरणातच मान्य आहे. शीख संघटनांनी आवाज उठवला आणि त्याच महिन्यात ती मनाई वगळावी लागली. विमान सुरक्षा विभागाला माघार घेता आली. तुमच्या वीस खोल्यांना का येऊ नये?

इथे दोन शब्द आपल्याच लोकांना. हिजाबावर बंदी आली की गालात हसणारे मराठी शेजारी मी पाहतो. त्यांनी चेंबूरचा आचार्य-मराठे महाविद्यालयाचा खटला आठवावा. २०२४ मध्ये त्या कॉलेजने हिजाब, नकाब, बुरखा, टोपी, बॅज असं सगळं बंद केलं. २६ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने नऊ विद्यार्थिनींची याचिका फेटाळली. ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने हिजाब, टोपी आणि बॅजवरची बंदी तात्पुरती थांबवली, वर्गात बुरखा मात्र नको म्हटलं. विद्यार्थ्यांचा धर्म कळू नये म्हणून नियम केला, असं कॉलेजने सांगितलं तेव्हा खंडपीठाने विचारलं, नावांवरून कळत नाही का? टिळा लावून येणाऱ्यांनाही अडवणार का? त्याच पावसाळ्यात मुझफ्फरनगरच्या पोलिसांना मात्र कावड यात्रेच्या रस्त्यावर ढाबेवाल्यांची नावं पाटीवर हवी होती. सर्वोच्च न्यायालयाने २२ जुलैला तेही रोखलं. कुठे धर्म झाकायचा, कुठे पाटीवर लावायचा, हे दर वेळी दुसराच कुणीतरी ठरवणार. आज शेजारणीचा स्कार्फ उतरतोय. उद्या एखाद्या परदेशी साखळीचा मॅनेजर तुमच्या सुनेला टिकली आणि मंगळसूत्र लॉकरमध्ये ठेवायला सांगेल, तेव्हा कुठलं तत्त्व घेऊन भांडाल?

आणि जे या निमित्ताने घोषणा देत, झेंडे घेऊन दुकानांवर चालून जायला टपलेत, त्यांनीही दूर राहावं. नोकराची टोपी वाचवायला दुकानाची काच फोडणारा माणूस आमचा नाही. ज्या मुलीला स्वतःच हिजाब नको असेल, जिला कुंकू लावायचं नसेल, तिच्यावर समाजाचा दबाव आणणाराही आमचा नाही. डोकं तिचं आहे, आणि ते झाकायचं की नाही हेही तीच ठरवेल.

मुदतीच्या अटी अशा. पोशाखाचा जो काही नियम असेल तो हिंदीत लिहून नोकरांना दिसेल असा लावा. प्रत्येक मनाईपुढे कारण लिहा: स्वच्छता, सुरक्षा किंवा ओळख. ‘गिऱ्हाइकाला आवडत नाही’ हे कारण धरलं जाणार नाही. धार्मिक पोशाखावरून ज्याला काढलं असेल त्याला परत बोलवा, आणि त्याचा थकलेला पगार द्या.

दसऱ्यानंतर दिवाळीच्या सुट्टीतल्या सहली सुरू होतात. महाराष्ट्रातल्या ज्या यात्रा-आयोजकांपर्यंत आम्ही पोचू शकतो, त्यांना खोल्या घेण्याआधी एक लेखी प्रश्न विचारायला सांगू: तुमच्याकडे नोकरांच्या धार्मिक पोशाखावर बंदी आहे का? उत्तर न देणाऱ्या हॉटेलला आमच्या माणसांचे पैसे मिळणार नाहीत. काढलेल्या नोकराला सोबत घेऊन दिल्ली सरकारच्या कामगार खात्यात कलम ३० ची तक्रार होईल. तो अल्पसंख्याक असेल तर दिल्ली अल्पसंख्याक आयोगाकडेही अर्ज जाईल. आणि कागद हातात आला, की हॉटेलच्या नावासकट छापला जाईल.

पहाडगंजमध्ये काम करणाऱ्या भावांनो, बहिणींनो, तुम्हाला एकच विनंती. यापुढे कुणी ‘उद्यापासून हे घालून येऊ नकोस’ म्हणालं, तर भांडू नका. ‘साहेब, लिहून द्या’ एवढंच म्हणा, आणि तारीख, वेळ, कोण म्हणालं ते त्याच रात्री वहीत उतरवून ठेवा. तक्रार लिहायला आम्ही बसू.