हेरगिरी म्हणे बेकायदा नाही!

मैत्रिणींनो, आमच्या केंद्रात एकच मोबाइल आहे. घर सोडून आलेल्या बायकांचे पत्ते, वकिलांचे निरोप, अंगावरच्या वळांचे फोटो, सगळं त्यातच. म्हणून शिबिरात 'सायबर आणि आंतरराष्ट्रीय कायदा' हा विषय ठेवला. एक जुनी कार्यकर्ती म्हणाली, "अगं, हे देशादेशांचं भांडण. त्यात आपलं काय?" मला तिचा राग आला नाही. कायद्याचे पंडितही हेच सांगतात, फक्त जड भाषेत.

आंतरराष्ट्रीय कायदा सायबर व्यवहारालाही लागू आहे, हे राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञगटाने 2013 सालीच मान्य केलं. त्या गटात भारतही होता. पण पुढची चर्चा कशावर? सार्वभौमत्वाचा भंग कधी होतो, बळाचा वापर कशाला म्हणायचं, यावर. 2017 च्या 'टालिन मॅन्युअल'मध्ये तज्ज्ञ म्हणतात की शांततेच्या काळातली सायबर हेरगिरी तेवढ्यानेच कायदाभंग ठरत नाही. ती करण्याची पद्धत मात्र बेकायदा असू शकते. सरकारांना यातला पहिला अर्धाच सोयीचा.

आता लुजैन अल-हथलूलचं काय झालं ते बघा. सौदी अरेबियात बाईला गाडी चालवू द्या, एवढंच मागणारी ही बाई. संयुक्त अरब अमिरातीसाठी राबणाऱ्या, अमेरिकेचे माजी गुप्तचर असलेल्या पथकाने तिच्यावर पाळत ठेवली, हे रॉयटर्सने 2019 मध्ये उघड केलं. पथकाने तिला नाव दिलं होतं 'जांभळी तलवार'. मार्च 2018 मध्ये तिला अमिरातीत पकडून सौदीला नेलं, मे महिन्यात पुन्हा अटक. जूनमध्ये वाहनबंदी उठली तेव्हा ती कोठडीतच होती. सुटली फेब्रुवारी 2021 मध्ये. कोठडीत छळ झाल्याचं तिने सांगितलं, सरकारने नाकारलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिघा माजी गुप्तचरांनी सुमारे 16.8 लाख डॉलर भरायचं कबूल करून अमेरिकेतला खटला टाळला. पैसे कुणाला? अमेरिकी सरकारला!

तीन देश आणि एका बाईचा फोन. यात कुठल्या देशाचं सार्वभौमत्व दुखावलं ते शोधत बसायचं का? नागरी व राजकीय हक्कांच्या करारातलं कलम 17 खासगीपणा आणि पत्रव्यवहार यांना संरक्षण देतं. सौदी आणि अमिराती त्या करारात नाहीत. पण स्त्रियांवरील भेदभावाविरुद्धच्या करारात, म्हणजे 'सीडॉ'त, दोघंही आहेत (सौदी मोठी अट घालून). आणि सीडॉ समितीच्या 2017 च्या शिफारस क्रमांक 35 मध्ये तंत्रज्ञानाच्या माध्यमातून होणारी हिंसाही येते, शासनाच्या माणसांनी केलेलीही.

भारत तर दोन्ही करारांत आहे, 1979 आणि 1993 पासून. पेगॅसस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या समितीला 29 पैकी 5 फोनमध्ये घातक सॉफ्टवेअर सापडलं. ते पेगॅससच, असं ठरलं नाही. सरकारने सहकार्य केलं नाही, असं न्यायालयानेच ऑगस्ट 2022 मध्ये सांगितलं. यावर आपल्या किती गटांनी पत्रक काढलं?

सीडॉ समितीला पर्यायी अहवाल पाठवताना आपण हुंडा, बलात्कार, वेतन यांवर लिहितो. यापुढे त्यात पाळतीचं प्रकरण हवं: कुणाचा फोन, कुणाचा संशय, तक्रार कुणी घेतली नाही. आमच्या केंद्राच्या नोंदी मी काढायला घेतल्या आहेत. तुमच्याही पाठवा, नावं झाकून. आणि फोनवरून नको, हाती द्या.