कराचीतलं नॅट

जुन्या लढाऊ विमानांचे फोटो आम्ही हौशी मंडळी एकमेकांना पाठवत असतो. त्यातलं एक विमान मला महत्त्वाचं वाटतं. सप्टेंबर १९६५ मध्ये भारतीय हवाई दलाचं एक नॅट पाकिस्तानातल्या पसरूरच्या धावपट्टीवर उतरलं. आज ते कराचीच्या हवाई दल संग्रहालयात आहे. भारतीय बाजू म्हणते, वैमानिक वाट चुकला. पाकिस्तानी बाजू म्हणते, आमच्या स्टारफायटरने त्याला उतरायला लावलं.

हे विमान बघायचं तर कराचीत कुणी काढलेला फोटोच हवा. पण तो मुस्लिम नावाच्या माणसाने पुढे पाठवला, की चर्चा विमान सोडून त्याच्या निष्ठेवर जाते.

म्हणून फोटो लपवावा का? मला वाटतं, नाही. तो पाठवावा आणि खाली वर्ष, ठिकाण, दोन्ही बाजूंचं म्हणणं लिहावं. माहितीविना फिरणाऱ्या फोटोला कुणीही हवी ती गोष्ट चिकटवतो.

फाळणीच्या वेळी इदरीस हसन लतीफ भारतीय हवाई दलातच राहिले, १९७८ मध्ये हवाई दलप्रमुख झाले, नंतर महाराष्ट्राचे राज्यपाल. त्यांचा फोटो पाठवला तर कुणी काही विचारत नाही. नॅटचा पाठवतानाही विचारू नये.