रेषा पुसून पाणी थांबत नाही

"आमचे घर पूररेषेतून काढा" असा अर्ज करण्याआधी ती रेषा समजून घ्या, असे आम्ही वस्तीतल्या तरुणांना सांगतो. जलसंपदा विभाग 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी निळी आणि 100 वर्षांतल्या पुरासाठी लाल रेषा आखतो. निळीच्या आतले क्षेत्र निषिद्ध, दोन्हींमधले नियंत्रित. म्हणून हरकतीत नुसती गरिबी मांडून भागत नाही. माहिती अधिकारात नकाशा आणि पूरपातळी मागवा, घराच्या जोत्याची पातळी मोजून घ्या, मग बोला.

पण रेषा हलली तरी पाणी येणारच. जुलै 2018 मध्ये वसईच्या मिठागर वस्तीत शेकडो माणसे अडकली. त्यानंतर महापालिकेने नीरी आणि आयआयटी मुंबईची सत्यशोधन समिती नेमली. धारण तलावांची गरज पुढे आली. पाणथळीत भराव टाकणारा नफा घेऊन जातो, पाणी आपल्या दारात येते. नालासोपाऱ्यात आरक्षित जमिनीवरच्या 41 इमारती फेब्रुवारी 2025 पर्यंत पाडल्या, तेव्हाही रस्त्यावर आली ती घर घेणारी कुटुंबेच.

बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना दामोदर आणि महानदीच्या पुराकडे नियोजनाचा प्रश्न म्हणून पाहिले. आमची मागणी त्याच वाटेने जाते. मोजणी चुकली असेल तर घर रेषेबाहेर काढा. बरोबर असेल तर भराव हटवा, नाले मोकळे करा. आणि हलवायचेच असेल, तर आधी जवळच पक्के घर द्या.

जय भीम!