खडी, मुरूम आणि आपली सायकल

आपल्या हॉस्टेलवरच्या मुलांना महाड-पोलादपूर कितपत माहीत आहे? खरं उत्तर फार छोटं येईल. हायवे, एसटी स्टँड, मेस बंद असली की जेवायची दोन-तीन हॉटेलं, आणि घरून पाहुणे आले की रायगडचा रोपवे. बस्स! चार वर्षं सह्याद्रीच्या पायथ्याशी काढायची आणि डोंगर फक्त खिडकीतून बघायचा, हे मला पटत नाही. म्हणून या वर्षी सायकलबद्दल लिहितोय. तीही गुळगुळीत डांबरावरची नाही, खडीवरची.

जगात याला 'ग्रॅव्हल बायकिंग' म्हणतात. अमेरिकेत कॅन्सस राज्यात 2006 साली दोनशे मैलांची एक शर्यत सुरू झाली, सगळी खडीच्या रस्त्यांवरून. बघता बघता हा प्रकार इतका वाढला की 2022 साली इटलीत ग्रॅव्हलची पहिली जागतिक स्पर्धा झाली. सायकल दिसायला रेसरसारखी, खाली वळलेलं हँडल. पण टायर जाड, साधारण 40 मिलिमीटरचे, हवा जरा कमी, डिस्क ब्रेक आणि चढासाठी अगदी हलका गिअर. किंमत ऐकली की सेमिस्टरची फी आठवते, ती गोष्ट वेगळी!

पण सायकल परदेशी असली तरी वाट आपलीच आहे. महाड हे सावित्रीवरचं जुनं बंदर. इथून माल बैलांच्या पाठीवर लादून देशावर जायचा. वरंधा, मढे, पार ही घाटांची नावं त्याच वाहतुकीची. आज महाडहून बिरवाडीमार्गे वरंधा घाटाकडे गेलं की खाली शिवथरघळ. पोलादपूरहून आत वळलं की तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ आणि पुढे चंद्रगडाच्या पायथ्याचं ढवळे. आणि सगळ्यांत मोठा आंबेनळी घाट : पोलादपूर ते महाबळेश्वर सुमारे 40 किलोमीटर. मोठे घाट डांबरी आहेत, पण त्यांना फुटणारे वाड्यांचे रस्ते म्हणजे मिसळ! थोडं डांबर, थोडं उखडलेलं डांबर, मग डबर, मग मुरूम, मग नुसती पायवाट.

"एवढा घाट आपल्याला कुठला चढायला?" असं म्हणणाऱ्यांसाठी थोडं गणित. इंजिनिअर आहोत, तेवढं चालतं. महाबळेश्वर सुमारे 1350 मीटर उंचीवर. पोलादपूर अगदी पायथ्याशी. म्हणजे चढाई धरा 1250 मीटर. माणूस आणि सायकल मिळून 80 किलो. एम जी एच काढा : जवळजवळ 10 लाख ज्यूल. हे चार तासांत करायचं तर सरासरी 68 वॅट. हॉस्टेलच्या खोलीतला जुना पंखा साधारण एवढीच वीज खातो. वारा आणि टायरचं घर्षण यांसाठी थोडं वाढवून धरा. म्हणजे ताकदीपेक्षा प्रश्न गिअरचा आहे. साध्या काळ्या सायकलीला पुढे 44 दात आणि मागे 18. पायडलच्या एका फेरीत ती पाच मीटरहून जास्त पुढे जाते. सपाटीला हे उत्तम, घाटात गुडघे काढतं. एकास एक गिअर असला की एका फेरीत सव्वादोन मीटर. सावकाश, पण चढते. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 साली 'रेस अॅक्रॉस अमेरिका' दोघांच्या टीममध्ये पूर्ण केली. दोघेही डॉक्टरकी सांभाळून सायकल चालवणारे. तेव्हा 'वेळ नाही' हे कारण निदान आपण देऊ नये.

खरी परीक्षा उतारावर असते. चढताना साठवलेले ते 10 लाख ज्यूल उतरताना कुठेतरी जायलाच हवेत. ते वाऱ्यात जातात आणि ब्रेकमध्ये. ओल्या रिमवर रबरी ब्रेक पकड सोडतो, आणि सुट्या खडीवर पुढचा ब्रेक करकचून दाबला की चाक सरकतंच. म्हणून माझं स्पष्ट मत : पावसाळ्यात घाटात सायकल नको. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा आपला मोसम. एकट्याने जायचं नाही, अंधार पडायच्या आत परत, हेल्मेट आणि पंक्चरचं सामान बरोबर, आणि कुठे चाललोय ते रूममेटला सांगून जायचं.

आता मुख्य मुद्दा. आमच्या विंगमधला एक मित्र म्हणतो, "हे रस्ते असेच कच्चे राहू देत यार, डांबर आलं की मजा गेली." हे वाक्य मला खटकतं. आपण रविवारी चार तास ज्या खडीवर मजा करतो, त्याच खडीवरून वाडीतल्या बाळंतिणीला जीपमधून दवाखान्यात न्यावं लागतं. तरणी माणसं मुंबईला. गौरी-गणपतीला आणि शिमग्याला घरं उघडतात, बाकी वर्षभर म्हातारी माणसं आणि त्यांची गुरं. त्यांना रस्ता हवाय, आणि आपल्याला 'ॲडव्हेंचर'! जुलै 2023 मध्ये आपल्याच जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. मदत करणारी माणसं डोंगर पायी चढून गेली. आपल्या मजेसाठी कुणी कच्च्या रस्त्यावर राहावं, असं म्हणायचा हक्क आपल्याला नाही. डांबर आलं तर टाळ्या वाजवू आणि त्याच्यावरून सायकल चालवू.

पण डांबर म्हणजे रस्ता नव्हे, हेही सायकलवरूनच कळतं. डब्ल्यूबीएम आपण पुस्तकात शिकतो : खडीचा थर, फटी भरायला मुरूम, पाणी मारून रोलर. तो उखडतो कसा, ते इथे जाऊन बघावं. डोंगराकडचं गटार मातीने भरतं, मोरी पालापाचोळ्याने तुंबते, पाणी वाट सोडून रस्त्यावरून वाहतं, मुरूम धुऊन जातो आणि खडी उघडी पडते. पुढच्या पावसात साईडपट्टी जाते आणि मग रस्ता. म्हणजे रस्ता वाचवायचा तर आधी पाणी सांभाळायचं. ताशी 50 च्या वेगाने जाणाऱ्या गाडीतून हे दिसत नाही. ताशी 8 ने धापा टाकत चढणाऱ्याला प्रत्येक मोरी दिसते.

आपल्या भागात ही गोष्ट साधी नाही. जुलै 2005 मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते. 22 जुलै 2021 ला तळिये. ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे. रस्ते पाण्याखाली किंवा दरडीखाली, त्यामुळे मदत वेळेवर पोचणं अवघड झालं. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल गेला, दोन एसटी गाड्यांसकट. या नावांच्या आसपास आपण राहतो, आणि त्यातली किती गावं आपण पाहिली आहेत?

म्हणून माझी सूचना अशी. कॉलेजचा एक सायकल गट असावा. दरवर्षी दिवाळीनंतर आणि पुन्हा मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आधी, ठरलेल्या सात-आठ रस्त्यांवरून जावं. नोंद साधी : मोरी तुंबली आहे का, गटार वाहतंय का, रस्त्याला समांतर भेग दिसते का, झाडं किंवा विजेचे खांब कललेत का, वाडीतल्या झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालंय का. शेवटचा प्रश्न तिथल्या आजींना विचारायचा. त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. फोटो आणि ठिकाण लिहून कागद ग्रामपंचायतीला, तहसीलदारांना आणि बांधकाम खात्याला द्यायचा. दरड कधी पडेल, हे आपण सांगू शकत नाही आणि सांगूही नये. ते भूगर्भशास्त्राच्या जाणकारांचं काम. पण तुंबलेली मोरी तुंबली आहे, एवढं सांगायला डिग्रीसुद्धा लागत नाही.

सरांनाही एक विनंती. परवानगी मागितली की 'जबाबदारी कोणाची?' हा प्रश्न येतो, आणि तो योग्यच आहे. पण परवानगी नाही म्हटल्यावर मुलं खोलीत बसत नाहीत. मोटरसायकलवर ट्रिपल सीट बसून त्याच घाटात जातात. त्यापेक्षा जिमखान्याने गिअरच्या दहा साध्या सायकली घ्याव्यात, लाखाची ग्रॅव्हल बाईक नको. जरा जाड टायर, चांगले ब्रेक, मागे मोठं चक्र, एवढं पुरे. दुरुस्ती मेकॅनिकलच्या मुलांनी वर्कशॉपमध्ये करावी, नोंदी सिव्हिलच्या मुलांनी तपासाव्यात, नकाशा कॉम्प्युटरवाल्यांनी करावा. आणि सोबत एखादे सर आलेच तर चढावर आम्ही त्यांच्यासाठी थांबू, किंवा ते आमच्यासाठी!

वाटेत गेलात तर दोन गोष्टी पाळा. रस्त्यावर वाळत घातलेल्या भातावरून सायकल घालू नका, उतरून कडेने जा. आणि प्यायला पाणी मागितलंत तर पाच मिनिटं टेका, बोला. "कुठलं रं पोरांनो?" असं कुणी विचारलं तर कॉलेजचं नाव सांगा. ते नाव तिथल्या माणसांना फक्त हायवेवरच्या पाटीमुळे माहीत असू नये, एवढंच मला वाटतं.